दहावं नाव

"तंबाखू?" सुभाषने विचारलं.

"नाय भाऊ. कवाच नाय."

"विडी, गुटखा, पान?"

"शी! बायकामानसांना काय इचारता तुमी पन."

सुभाषने पेन क्षणभर हवेत धरलं आणि मग ‘नाही’ लिहिलेल्या चौकटीत नीट खूण केली. कंपनीत त्याच्याइतकं सुबक काम कोणाचं नव्हतं. गेली अकरा वर्षं तो इथल्या नोंदी ठेवत होता आणि त्याच्या कागदावर खाडाखोड सापडली असं एकदाही झालं नव्हतं.

समोर बसलेल्या सखूच्या कमरेला खोचलेली पत्र्याची डबी त्याला दिसत होती. दिसत होती म्हणजे काय, त्या डबीशी त्याची पाच वर्षांची ओळख होती. तिच्यातली मशेरी दर महिन्याला कागदाच्या पुडीत बांधून सखू त्याच्या हातावर ठेवायची आणि तो ती ऐरोलीला नेऊन गुपचूप आपल्या आईला द्यायचा. त्याच्या साताऱ्याकडे तिला मिश्री म्हणतात, इकडे मशेरी. वस्तू एकच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी बोटावर घेऊन दात घासायचे, दुपारी घासायचे, संध्याकाळी घासायचे आणि जिवाला चैन पडेनासं झालं की अधेमधेही घासायचे. पण तंबाखू खातेस का असं सखूला विचारलं, तर ती देवाशपथ नाहीच म्हणणार. तंबाखू खाणारी माणसं वेगळी, ती तर दात साफ करते. तिच्या आईनेही तेच केलं आणि आजीनेही.

सुभाषला हे सगळं ठाऊक होतं. "आणि मशेरी?" एवढे दोनच शब्द जास्तीचे विचारायचे होते. पण साडेपाच वाजून गेले होते, सहाला चाचणीसाठी दहा नावांची यादी मालक अभिरामसरांच्या टेबलावर हवी होती, आणि यादीत नावं होती नऊ. दहावे होते ऐरोलीचे एक निवृत्त गृहस्थ. चाचणीतली पावडर शिंपल्यांपासून होते हे कळताच त्यांनी आपण माळकरी असल्याचं सांगून दुपारीच काढता पाय घेतला होता.

पावणे गावाजवळच्या एमआयडीसीतली ही कंपनी तशी लहानच, दोन शेड आणि वर ऑफिस. हॉटेलांतून आणि मासळीबाजारांतून कालवांचे, तिसऱ्यांचे रिकामे शिंपले पोत्यांनी यायचे. ते धुवायचे, निवडायचे, भट्टीत भाजायचे, मग रसायनात शिजवून त्यांची पांढरी भुकटी करायची. दात काढल्यावर जबड्यात जो खड्डा राहतो त्यात ही भुकटी भरली की तिच्या आधाराने हाड भरून येतं आणि त्यावर नवा दात पक्का बसवता येतो. परदेशातून येणाऱ्या अशा भुकटीपुढे आपली कितीतरी स्वस्त, असं अभिरामसर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. माल चांगला होता. आता तो माणसांच्या तोंडात टिकतो हे दहा जणांवर सिद्ध करायचं होतं.

माल चांगला असण्यात सखूचा वाटा होता, पण तो कोणी कुठे लिहिला नव्हता. निवडायच्या टेबलावर ती दोन शिंपले एकमेकांवर वाजवून बघायची. जिवंतपणी काढलेल्या कालवाचा शिंपला टणकन वाजतो. आधीच मेलेल्या कालवाचा, खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पडून घाण प्यालेला, भद्द वाजतो. ते भद्द वाजणारे ती बाजूला फेकायची, दिवसाला हजारो. सात वर्षं ती हे करत होती, तीही ठेकेदाराच्या हाताखाली. कंपनीच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नव्हतं. त्यामुळेच ती यादीत चालणार होती, कारण स्वतःच्या कामगारांवर चाचणी करायची नाही असा नियम होता. कंपनीच्या कागदावर सखूचं नाव पहिल्यांदा चढलं ते असं.

"भाऊ, एक इचारू?" अर्जावर वाकडीतिकडी सही करायच्या आधी ती म्हणाली. "दाड काडल्यावर माजे गान्याला काय व्हनार नाय ना? वैशाखान उन्नतीचा लगीन हाय. पोरीचे मांडवान मीच धवले गानार. दुसरी बाई नाय बसवनार मी."

सखू धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात तांदळाच्या चौकापाशी बसून धवले गात लग्न लावणारी बाई. पावण्यापासून घणसोलीपर्यंत तिने किती मांडव गाऊन पार पाडले असतील याची गणती नव्हती. शेडमध्ये ती कधी गुणगुणायला लागली की भट्टीवरची माणसंही हात थांबवायची. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मोकळा होता, आणि तो ऐकताना आपल्या घरचंच काही शुभ चाललंय असं वाटायचं. सुभाषलाही वाटायचं.

"दाढेचा आणि गळ्याचा काय संबंध?" सुभाष हसला. "उलट लग्नापर्यंत नवी दाढ बसेल. फुकट. आणि काही झालंच, तर सगळा उपचार कंपनी करणार. हे बघा, लिहिलंय इथे." ते कलम त्याने तिला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच्या खालचं, माहिती खोटी निघाल्यास कंपनीवर जबाबदारी राहणार नाही हे कलम, त्याने जरा भरभर वाचलं. सखूने सही केली.

ऐरोलीच्या दवाखान्यात डॉक्टर सईंनी तिची दाढ तपासली आणि बाहेर थांबलेल्या अभिरामसरांपाशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "सर, ही दाढ वाचेल खरं तर. रूट कॅनाल केलं तर दहा वर्षं जाईल."

"सई, वाचलेल्या दाढेत आपण पावडर कुठे भरणार?" अभिरामसर म्हणाले.

ते इतक्या सहज म्हणाले की सईंनाही हसू आलं. त्या आत गेल्या आणि त्यांनी वरची उजवी दाढ काढली. सखूच्या काळ्या हिरड्या त्यांनीही पाहिल्या असणारच. पण फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं होतं, आणि फॉर्म वाचून झाल्यावर तोंडाकडे इतकं निरखून कोण बघतं! खड्ड्यात भुकटी भरली, टाके घातले, फोटो काढले. जाताना सईंनी बजावलं, "जागा एकदम स्वच्छ ठेवायची हं मावशी. खूप महत्त्वाचं आहे. जितकी स्वच्छ, तितकं लवकर भरून येईल."

सखूने ते मनावर घेतलं. मुलीच्या लग्नाचा प्रश्न होता, ती हयगय करणारी नव्हती.

चौथ्या दिवशी सुभाष शेडमागच्या नळावर डबा धुवायला गेला, तेव्हा ती तिथेच उकिडवी बसली होती. डबी उघडी होती आणि काळं झालेलं बोट उजव्या गालात, थेट टाक्यांवर फिरत होतं. ठणका लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती नेटाने घासत होती.

"दुखतं का?" सुभाषने विचारलं.

"दुखताय तं काय. पन बाईंनी सांगितलाय ना, साफ ठेव. पाच-पाच येला घासते दिसाला." तिने चूळ भरली आणि उत्साहाने विचारलं, "आयशीची पुडी संपली नसंल ना? परवा ताजी भाजलीय."

सुभाष डबा हातात घेऊन उभा राहिला. घासू नका, हीच तंबाखू, हिने सगळं सडेल, असं सांगायला त्याला आत्ताच्या आत्ता जमलं असतं. पण मग ती सईंना जाऊन विचारणार. सई फॉर्म उघडणार, खूण कोणी केली ते बघणार, सखू सरळपणे भाऊंना सगळं माहीत आहे म्हणणार. आधीच्या नोंदणी कारकुनाला एका चुकीच्या तारखेवरून अभिरामसरांनी तासाभरात घरी पाठवलं होतं. सुभाषचं वय छप्पन्न होतं. या वयात त्याला दारात कोण उभं करणार?

"जपून करा," तो म्हणाला आणि डबा न धुताच परतला.

त्या संध्याकाळी त्याने आईला पुडी दिली. जयमाला, त्याची बायको, स्वयंपाकघरात होती. तिला घरात मिश्रीचा वासही खपायचा नाही. तव्यावर भाजली तर सगळी सोसायटी खोकत जिन्यात येईल असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. आईच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता, पण नुसत्या हिरड्या घासल्यावाचून तिची सकाळ व्हायची नाही. पुडी नाकाशी नेऊन ती खूश होऊन म्हणाली, "लई निगुतीनं भाजतीया रं ती बाय. एकदा घरला घिऊन ये तिला. च्या तर पाजू."

"आणतो," सुभाष म्हणाला.

पंधरा दिवसांनी सखूच्या गालाला सूज आली. मग पू आला, गोळ्या झाल्या, पुन्हा पू आला. महिन्याभराने एका सकाळी शेडमध्ये चहा घेता घेता तिला ठसका लागला आणि चहा नाकातून बाहेर आला. निवडायच्या टेबलावरच्या बायका आधी हसल्या. सखूने आणखी एक घोट घेऊन पाहिला. तोही नाकातून आला. मग कोणी हसलं नाही.

सईंनी तपासलं आणि ऑफिसात येऊन त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. वरच्या दाढेच्या मुळाशी गालाच्या हाडात एक पोकळी असते, तिची वाट नाकाकडे जाते. मधे असतो अंड्याच्या कवचाएवढा पातळ पापुद्रा. जखम सडली, भुकटी वाहून गेली, पापुद्रा खाल्ला गेला आणि तोंडातून नाकात आरपार भोक पडलं. आपोआप ते बुजणार नव्हतं. ऑपरेशन करून बुजवता आलं असतं, आणि लवकर केलं तर चांगलं बुजलं असतं.

सखूला वर बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. तोंडावर पदर होता. सुभाष फाइल घेऊन भिंतीशी उभा होता.

"तुम्ही तोंडाला काय लावता, मावशी?" सईंनी विचारलं.

"मशेरी."

"मशेरी म्हणजे तंबाखू!"

"तंबाखू नाय वो बाई, मशेरी. दात घासाला." तिचं प्रत्येक अक्षर आता नाकातून फुसफुसत येत होतं. "तुमीच सांगितला ना, साफ ठेव. म्हनून मी जास्तीची घासली. रातीला उठूनबी घासली."

सईंनी डोळे मिटून घेतले. अभिरामसर पुढे झुकले. ते चिडलेले नव्हते. त्यांना सुटका झाल्यासारखं वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे आपल्या मटेरियलचा काही प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले. "बाई, तुम्ही फॉर्मवर खोटं सांगितलंत. असं असेल तर कंपनी काही करू शकत नाही."

"खोटा कशाला सांगू मी? भाऊंनी इचारला तंबाखू, मी नाय बोलली." सखूने सुभाषकडे मोठ्या भरवशाने पाहिलं. "मशेरीचा भाऊंना ठाव हाय ना. त्यांचे आयशीला मीच तं देते दर म्हैन्याला. सांगा ना भाऊ."

अभिरामसरांनी मान वळवली. "सुभाषराव?"

एवढं एक वाक्य सुभाषने बोलायचं होतं. हो सर, मला माहीत होतं. मग कंपनीला ऑपरेशन करावं लागलं असतं, सखूचं भोक बुजलं असतं, आणि सुभाषची नोकरी गेली असती. हिशोब सरळ होता. विचार करायला वेळ मिळाला नाही असं त्याला पुढेही कधी म्हणता आलं नाही, कारण वेळ मिळाला होता. एसीचा आवाज ऐकत त्याने दोन श्वास पुरते घेतले.

"माझी आई मिश्री कशी लावेल, सर?" तो म्हणाला. "दातच नाहीत तिला."

अभिरामसरांना हसू आवरलं नाही. सईही हसल्या. मग सुभाषही थोडा हसला.

सखू त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. गावातल्या बायका शिव्या द्यायला लागल्या की एमआयडीसीतले भलेभले गेटच्या आत पळतात, आणि सखूही त्यांतलीच होती. पण तिने नुसता पदर तोंडावर घट्ट धरला.

"मंग दुसऱ्या कुनाची आय असंल ती," ती म्हणाली.

जबाब सुभाषनेच लिहिला. ‘मी तंबाखूचे सेवन करत असल्याची माहिती हेतुपुरस्सर लपवली.’ एकही खाडाखोड नाही. तो वाचून दाखवायला लागला तेव्हा सखूने हात वर करून त्याला थांबवलं.

"नका वाचू. कुठं करू सही?"

"इथे."

तिने सही केली. मग दारापर्यंत जाऊन ती वळली. "वैशाखाचे आदी बुजंल का वो यो, दुसरीकडं कुठं?"

"सरकारी दवाखान्यात होतं हे," सुभाष म्हणाला. "माझ्या ओळखीचा आहे एक जण तिथे. चिठ्ठी देतो मी."

चिठ्ठी त्याने दिली नाही. ओळखीचं तिथे कोणी नव्हतंच. सखू आपली आपण जाऊन रांगेत उभी राहिली आणि तिला आषाढातली तारीख मिळाली. तोंड फुटलेली बाई धुळीच्या शेडमध्ये नको, असं म्हणून ठेकेदाराने तिला त्याच आठवड्यात कामावरून बंद केलं. तिच्या जागी दोन मुली आल्या. त्या शिंपले डोळ्यांनी बघून निवडायच्या, आणि भट्टीवरचे लोक म्हणायचे की हल्ली भाजताना घाण वास येतो.

चाचणीच्या अहवालात नऊ नावं राहिली. नऊच्या नऊ जणांचं हाड उत्तम भरून आलं होतं, आणि यशाचं प्रमाण शंभर टक्के लिहिताना सुभाषला काहीही खोटं लिहावं लागलं नाही. सईंनी अहवालावर सही केली आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे नोकरी धरली. अभिरामसरांनी ऑफिसात सगळ्यांसमोर सुभाषची पाठ थोपटली. घरी आईला त्याने सांगितलं, की ती बाई गाव सोडून गेली. आईने हळहळून विचारलं, "आन्‌ मला सांगून न्हाय गेली?"

वैशाखात उन्नती स्वतः शेडमध्ये लग्नाचं आवतण घेऊन आली. बायकांना बोलावून झाल्यावर ती सुभाषच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "आय बोलली, हळदीला भाऊंना नक्की बोलाव. घरच्यांना पन घेऊन या बोलली."

सुभाष एकटाच गेला. शेडमधली सगळी माणसं जाणार होती, तो नसता तर चर्चा झाली असती. पावणे गावात गल्लीभर मांडव होता. तांदळाचा चौक घातलेला, त्यापुढे हळद लावलेली उन्नती पाटावर बसलेली, आणि तिच्या शेजारी धवले गायला घणसोलीहून आणलेली एक तरुण बाई. तिच्यासमोर माईक होता. सखू लेकीच्या मागे नव्या हिरव्या लुगड्यात बसली होती. गालात कापसाचा बोळा होता, त्यामुळे एक बाजू फुगलेली दिसत होती.

गाणारी बाई मधेच अडली. पुढची ओळ तिला आठवेना. ती शोधत राहिली, मांडव थांबून राहिला, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मग न राहवून सखूने पुढे झुकून ती ओळ उचलली. माईक जवळच होता. कर्ण्यातून साऱ्या गल्लीवर जो आवाज गेला तो गाण्याचा नव्हता. नाकातून सुटलेली वाफ आणि तिच्यात बुडालेले चार शब्द, असं काहीतरी होतं ते. मांडवाच्या टोकाला पोरं खिदळली. एका म्हाताऱ्याने त्यांना दटावलं, तोवर सखू थांबली होती. घणसोलीच्या बाईला ओळ कळली असावी, तिने ती पटकन सुरात घेतली आणि गाणं पुढे गेलं. उन्नतीने मागे वळून आईकडे पाहिलं. तिच्या हळदीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. सखूने पदराच्या टोकाने ते पुसलं आणि लेकीचं तोंड धरून पुन्हा समोर केलं.

सुभाष चपला शोधायला लागला.

"भाऊ!"

ती मांडवाच्या गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत आली. तोंडावर हात होता. "जेवल्याबिगर जाचा नाय."

"नाही, जरा घाईत आहे मी, सखूबाई."

"बसा." तिने स्वतः सतरंजीवर जागा केली, स्वतः ताट आणलं. तांदळाची भाकरी, मटण, भात. वाढताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही. "आयशीला नाय आनलात?"

"तिला बरं नाही."

"बरा," सखू म्हणाली. पाण्याचा पेला त्याच्या ताटाशी नीट ठेवून ती चौकाकडे परत गेली आणि लेकीच्या मागे, आपल्या जागेवर जाऊन बसली.

सुभाषने भाकरीचा तुकडा मोडला. घास उतरणार नाही असं त्याला वाटलं होतं, पण तो सकाळपासून उपाशी होता आणि मटण फार उत्तम झालं होतं. माईकवर गाणं चालू होतं. वाढपी दुसऱ्यांदा त्याच्यासमोर आला, तेव्हा त्याने ताट पुढे केलं आणि थोडा रस्सा आणखी मागून घेतला.